गणपतीची रजा आणि तीस गोळ्या

गणपतीला दोन दिवस उरले की संगमेश्वर रोड स्टेशनात निम्मी गाडी रिकामी होते. समजा, त्या गर्दीतल्या एका चाकरमान्याच्या पिशवीत, मखराच्या सामानाखाली, तीस गोळ्यांची बाटली आहे. टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर, एचआयव्हीवरची तिन्ही औषधं एकाच गोळीत. रोज एक, ठरलेल्या वेळी, जन्मभर. घरात पंधरा माणसं, आरतीला अख्खी वाडी. म्हणून तो लेबल खरवडतो, नाहीतर गोळ्या साध्या डबीत ओततो. लेबल गेलं तर गेलं, पण डबी नको. या गोळ्यांना ओल सोसत नाही, आणि भाद्रपदात कोकणातल्या घरातली ओल गेलेली नसते. मूळ बाटली, घट्ट झाकण, आतली ओल शोषणारी पुडी तशीच राहू द्यावी.

औषध सरकारी आहे आणि १ एप्रिल २००४ पासून फुकट मिळतं. तिथवर हा माणूस पोचला मात्र एका संस्थेमुळे. मुंबईत ज्या नाक्यावर तो कामासाठी उभा राहायचा, तिथे तिचा कार्यकर्ता चहाच्या निमित्ताने यायचा. स्थलांतरित मजूर, ट्रकचालक, देहविक्रय करणाऱ्या बायका, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी यांच्यातलं काम राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको) राज्याच्या एड्स नियंत्रण संस्थेमार्फत स्थानिक संस्थांना देते. सरकारी टेबलासमोर बसून कोणी आपल्या रात्री सांगत नाही, हे एव्हाना सरकारलाही पटलंय. संस्था कंडोम देते, बोलतं करते, तपासणीला सोबत जाते. निदान सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात (आयसीटीसीत) होतं, आणि वेगवेगळ्या तीन किटवर पॉझिटिव्ह आल्याशिवाय ते पक्कं धरत नाहीत. पुढे एआरटी केंद्र, म्हणजे औषधोपचाराचं. २०१७ पासून सीडी-फोर (प्रतिकारपेशींची मोजणी) कितीही असो, औषध सुरू करतात. गोळ्या चुकू नयेत म्हणून पाठपुरावा करणारी तिसरी मंडळी म्हणजे स्वतः एचआयव्हीसह जगणाऱ्यांची नेटवर्कं. ‘मीही घेतो’ हे वाक्य डॉक्टरला म्हणता येत नाही, यांना येतं.

आपल्यातल्याच माणसाने काम करायचं, हे शहाणपण कसं रुजलं, त्याचं एक उदाहरण बघायला आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे सांगलीला जावं. तिथे १९९२ मध्ये ‘संग्राम’ संस्थेने काम सुरू केलं. कंडोम वाटायला बाहेरचे कार्यकर्ते न नेमता देहविक्रयाच्या वस्तीतल्या बायकांनाच पुढे केलं, आणि १९९६ मध्ये त्यांचीच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली.

संस्थांचं एकत्र काम म्हणजे पैशाचीही साखळी, आणि देणाऱ्याच्या अटी त्याच साखळीने खाली येतात. अमेरिकन मदत हवी तर वेश्याव्यवसायाविरुद्ध भूमिका लिहून द्या, अशी अट आली तेव्हा २००५ मध्ये ‘संग्राम’ने ते पैसे परत केले. ज्या बायकांच्या भरवशावर काम चालतं, त्यांच्याच विरोधात सही करायची कशी? पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट तिथल्या संस्थांपुरती घटनाबाह्य ठरवली. बाहेरच्या संस्थांवर ती राहिलीच. माझ्या मते ‘संग्राम’ने केलं ते बरोबर होतं.

आता आपल्या चाकरमान्याकडे येऊ. समजा, काम सुटलं आणि तो कायमचा गावी आला. मुंबईचं केंद्र तारखेची वाट बघतं, तारीख उलटते, नाव ‘एलएफयू’च्या यादीत जातं, म्हणजे पाठपुराव्यातून सुटलेल्यांच्या. गळती होते ती अशी. मुंबईच्या कार्यकर्त्याने फोन करायचा, तो लागला नाही तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाने शोधायचं. पण शोधायचं कसं? वाडीत अनोळखी माणूस आला की ‘कुणाकडं आलात?’ हा प्रश्न पहिल्याच वळणावर येतो. म्हणून जाणता कार्यकर्ता घरी जात नाही. देवरुखच्या एसटी स्टँडवर किंवा बाजाराच्या दिवशी भेटतो, फोनवर आजाराचं नाव घेत नाही. हा नुसता शिष्टाचार नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करायला बंदी आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे.

उलटही घडतं. ओळखीचं कोणी दिसेल म्हणून जवळचं केंद्र टाळून लांबच्या केंद्रात जाणारे असतात. संस्थांनी त्यांना भ्याड म्हणू नये, गाडीभाड्याचं बघावं. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या बंद पडल्या तेव्हा याच नेटवर्कच्या लोकांनी ठिकठिकाणी गोळ्या घरपोच केल्या.

मुंबई सोडून गावी येणार असाल तर सामान बांधण्याआधी आपल्या एआरटी केंद्रातून ट्रान्सफरचा कागद मागून घ्या. गावाजवळचं केंद्र कुठलं, हे १०९७ या एड्स हेल्पलाइनवर विचारा. फोनला पैसे पडत नाहीत.