फवारणी पंपाची बॅटरी बदलताय?

कपाशीत फवारताना पंप मध्येच दम सोडत असेल, तर नवी बॅटरी घेताना नुसतं '१२ व्होल्ट' बघू नका, एएच बघा. मोटर ३ अँपिअर ओढत असेल तर ८ एएचची बॅटरी हिशेबाने अडीच तासांहून थोडी जास्त चालते, प्रत्यक्षात दोनच धरा.

मोटारसायकलची जुनी बॅटरी जोडू नका. ती स्टार्टरच्या झटक्यापुरती असते, पुरती उतरवली की लवकर मरते. पाठीवर ॲसिड सांडायची भीती वेगळीच!

लिथियम हलकी, दाबही शेवटपर्यंत बराचसा सारखा, म्हणजे औषध सारखं पडतं. पण चार्जर तिचाच हवा. जुना लावला तर आग लागू शकते.

लेड-ॲसिड असेल तर हंगामानंतर फुल चार्ज करून ठेवा, महिन्याला एकदा चार्जिंगला लावा. उतरलेली तशीच ठेवली तर पुढच्या मृगाला ती उठत नाही.