गादीवरून उतरताना

सरकारी नोकराच्या आयुष्यात निवृत्तीचा दिवस ठरलेला असतो. शाल-श्रीफळ दिले जाते, चार भाषणे होतात, आणि दुसऱ्या दिवसापासून या माणसाचे दिवस निराळे जाणार आहेत हे घरातील सर्वांनाच ठाऊक असते. व्यापाऱ्याच्या घरी असा दिवस येत नाही. थोरला मुलगा खरेदीला जाऊ लागतो, मग बँकेतील सह्या त्याच्याकडे जातात, जीएसटीची विवरणपत्रे धाकटा संगणकावर भरू लागतो, आणि एका दिवाळीत वहीपूजनाला सारे जमले असता वडिलांच्या ध्यानात येते की गेल्या वर्षभरात आपल्याला कोणी भाव विचारलेला नाही. गादी त्यांचीच असते. दुकानाच्या पाटीवर नावही त्यांचेच असते. दुकान मात्र पुढे गेलेले असते.

यानंतर जे सुरू होते ते बहुधा मनाचे दुखणे म्हणून ओळखलेच जात नाही. पहाटे तीनला जाग येते. पोटात जळजळ होते. सुनेने चहा पाच मिनिटे उशिरा दिला तर आवाज चढतो. एरवी हाच माणसाने लाखाची उधारी बुडाली तरी शांतपणे सोसलेली असते. मग डॉक्टर होतात, सोनोग्राफी होते, दुर्बिणीची तपासणी होते, आणि सारे रिपोर्ट चांगले येतात. घरातील निष्कर्ष ठरलेला असतो : रिकामे बसल्यामुळे असे होते, चार दिवस यात्रेला पाठवा. यात्रा उत्तमच, परंतु परत आल्यावर तोच माणूस त्याच खुर्चीत बसणार असतो.

अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे हे आपल्याकडे शेवटी सुचते, कारण तेथे ‘वेडे’ लोक जातात अशी समजूत अजून गेलेली नाही. प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकशास्त्राचा पदवीधर असतो आणि तो औषधे देतो. संभाषणाच्या मार्गाने उपचार करणारा मानसोपचारतज्ज्ञ बहुधा मानसशास्त्राचा अभ्यासक असतो. तो गोळी लिहून देत नाही. बोलीत दोघांनाही एकच नाव दिले जाते, म्हणून वेळ ठरवतानाच विचारून घ्यावे.

आयुष्याच्या वळणावर अडलेल्या माणसाला सुजाण मानसोपचारतज्ज्ञ ‘रोगी’ म्हणून पाहत नाही. अमेरिकेतील विल्यम ब्रिजेस हे मूळचे साहित्याचे प्राध्यापक. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी बदल आणि संक्रमण या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. बदल बाहेर घडतो, आणि एका दिवसातही घडतो : सही बदलली, घर बदलले, मुलगी सासरी गेली. संक्रमण आत घडते आणि ते संथ असते. त्याचे तीन टप्पे त्यांनी सांगितले. पहिला टप्पा समाप्तीचा, शेवटचा नव्या आरंभाचा, आणि या दोहोंच्या मध्ये एक ओसाड पट्टा, जेथे जुने सुटलेले असते व नवे हाती आलेले नसते. आपण घाई करतो ती या मधल्या पट्ट्याचीच. वडिलांना ट्रस्टवर घ्या, संघाच्या कामाला लावा, नातवाला शाळेत सोडायचे काम द्या. हेतू चांगला असतो, परंतु ज्याची समाप्तीच कोणी मान्य केलेली नाही, त्याला नवा आरंभ देऊन काय होणार? समाप्ती मोठ्याने उच्चारली जावी, तिचे दुःख करण्यास माणसाला मुभा मिळावी, हे उपचाराचे पहिले काम असते.

सुखाच्या बदलाचाही भार पडतो, हे अनेकांना पटत नाही. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोघा मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातील ४३ घटनांना गुण देऊन एक मोजपट्टी तयार केली. जोडीदाराच्या मृत्यूला १००, विवाहाला ५०, निवृत्तीला ४५, धंद्यातील मोठ्या फेरबदलाला ३९ आणि मुलगा वा मुलगी घर सोडून जाण्याला २९ असे गुण त्यात आहेत. ही मोजपट्टी परदेशी व जुनी आहे. तिचे आकडे आपल्या घरांना जसेच्या तसे लावण्यात अर्थ नाही. तरीही एकाच वर्षात मुलाचे लग्न, दुकानाची वाटणी आणि जुन्या वाड्यातून सदनिकेत स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाने ही बेरीज एकदा मनात करून पाहावी. हिशेब आपल्याला नवा नाही.

आता ‘समग्र’ या शब्दाकडे वळू. हल्ली हा शब्द तेलमालिशीच्या जाहिरातीतही दिसतो, त्यामुळे तो थोडा बदनाम झाला आहे. मानसोपचारात त्याचा अर्थ नेमका आहे. जॉर्ज एंगेल या अमेरिकन वैद्यांनी १९७७ साली असे प्रतिपादन केले की आजार समजून घ्यायचा तर शरीर, मन आणि समाज या तिन्ही अंगांनी पाहिले पाहिजे. एकाच अंगाकडे पाहणारा वैद्य अर्धाच रोगी पाहतो. या दृष्टीने काम करणारा तज्ज्ञ पहिल्या भेटीत ‘तुम्हाला काय वाटते’ एवढेच विचारून थांबत नाही. झोप कशी लागते, जेवण केव्हा होते, कोणती औषधे चालू आहेत, दिवसातील कोणता तास सर्वांत जड जातो, पैशाचे निर्णय आता कोण घेतो, घरात मनातले कोणापाशी बोलता येते, कशावर श्रद्धा आहे, असे सारे तो विचारतो.

यातील शरीराचा भाग आपल्या वाचकांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. बी-१२ हे जीवनसत्त्व भाजी-धान्यांत जवळजवळ नसते. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध-दह्यातून मिळते, आणि वय वाढले की त्याचे शोषणही मंदावते. त्याच्या कमतरतेने थकवा, विस्मरण, उदासी, हातापायांना मुंग्या अशी लक्षणे दिसू शकतात. थायरॉइडचे कार्य मंदावले तरीही माणूस असाच निरुत्साही होतो. म्हणून चांगला मानसोपचारतज्ज्ञ आधी रक्ताची तपासणी करून घ्या असे सांगतो. रात्रीच्या गोळीचाही प्रश्न आहे. चौविहार पाळणारा माणूस ती चुकवतो आणि डॉक्टरांना सांगत नाही. उपवासाच्या दिवसांत तर मधुमेहाची व मनाची औषधे परस्पर बंद केली जातात. नियम लपवू नये. तो आधी सांगितला तर बऱ्याच वेळा औषधाची वेळ बदलता येते, आणि बदलता येत नसेल तर ते तरी वेळेवर कळते.

विचारांच्या पातळीवर महाराष्ट्राला एक चांगला वारसा लाभला आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती डॉ. कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. त्यासाठी त्यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहारही केला होता. माणूस घटनेने जेवढा व्यथित होतो त्याहून अधिक तिच्याविषयीच्या हट्टी समजुतीने होतो, हे या पद्धतीचे सूत्र. मराठीत हा सारा हट्ट एका अक्षरात मावतो : ‘च’. मुलाने मला विचारलेच पाहिजे. मी उपयोगी असलोच पाहिजे. तज्ज्ञ हा ‘च’ सैल करण्याचे काम करतो. मुलाने विचारावे ही इच्छा रास्तच आहे. ती पुरी झाली नाही तर वाईट वाटेल, पण आपली किंमत शून्य होणार नाही, येथवर येण्यास कित्येकांना महिने लागतात.

आणि या कामात घरातील इतरांनाही बोलवावे लागते. अनेकदा उलगडा होतो तो मुलाच्या तोंडून. विचारले तर वडिलांना वाटेल की मला धंदा जमत नाही, या भीतीने तो विचारत नसतो. आणि वडील तीच गोष्ट अनादर म्हणून मनात ठेवतात. एका खोलीत तिसऱ्या माणसासमोर हे दोघे बोलले की पुढचा मार्ग बहुधा ते स्वतःच काढतात : आठवड्यातून एक सकाळ जुन्या गिऱ्हाइकांसाठी, किंवा मोठ्या खरेदीआधी एकदा सल्लामसलत. मात्र घरातील आईला कोणी विचारत नाही, ही मला या विषयातील सर्वांत खटकणारी गोष्ट वाटते. चाळीस वर्षे दिवसभर तिचे असलेले घर आता पतीच्या देखरेखीखाली येते, दुपारची तिची विश्रांती जाते, आणि त्याच सुमारास स्वयंपाकघराची सूत्रेही सुनेकडे जात असतात. तिचीही गादी सुटलेलीच असते, फक्त तिला कोणी गादी म्हटलेले नसते. समग्र दृष्टी म्हणवणाऱ्या उपचारात तिला स्वतंत्र वेळ मिळत नसेल तर तो उपचार अपुरा समजावा.

सर्वच दुःख बोलून सरते असे नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत खिन्न असणे, अन्नावरची वासना जाणे, ‘माझ्याशिवाय तुमचे बरे चालेल’ अशी भाषा येणे, ही लक्षणे दिसल्यास वाट पाहू नये, मनोविकारतज्ज्ञाला दाखवावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

राहिला प्रश्न लोकांचा. बाहेर कळले तर मुलांच्या सोयरिकी अडतील, ही धास्ती खरी आहे आणि तिला हसून चालणार नाही. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे असेही त्यात म्हटले आहे. आपल्या पॉलिसीत नेमके काय आहे ते तेवढे वाचून घ्यावे. तज्ज्ञ निवडताना त्याचे शिक्षण विचारण्यात संकोच नको, कारण समुपदेशक अशी पाटी लावणे फार अवघड नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारता येते. माल पारखून घेणाऱ्या घराला एवढे जमावे.

वडील तयार नसतील तर मुलाने आधी एकट्याने जाऊन भेटावे. पुष्कळ तज्ज्ञ त्यासाठी वेळ देतात. सोबत औषधांची यादी आणि गेल्या वर्षीचे रक्ताचे रिपोर्ट न्यावेत. पुढे वडिलांना नेण्याची वेळ आली की ‘तुम्हाला दाखवून आणतो’ असे म्हणण्याऐवजी ‘आपण दोघे जाऊन येऊ’ असे म्हणावे, आणि त्या दिवशी दोन तास दुकान मुनीमजींवर सोडावे.