शब्द ओळखीचे, अर्थ निराळा

'पोटात कावळे ओरडतायत' असं आपण म्हणतो, तेव्हा कुणी कावळे शोधत नाही. भूक लागलीय, हे कळतं. इंग्रजीतही असे वाक्प्रचार आहेत. एकेक शब्द ओळखीचा असतो, तरी बोलणं कळत नाही ते यामुळेच. आज त्यांतले चार पाहू.

पहिला, 'पीस ऑफ केक'. म्हणजे केकचा तुकडा नव्हे, तर अगदी सोपं काम. आपल्या भाषेत, डाव्या हातचा मळ.

दुसरा, 'वन्स इन अ ब्लू मून'. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या, की दुसरीला 'ब्लू मून' म्हणतात. अधिक मासासारखंच हेही साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी होतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये झालं होतं, आणि त्याच वर्षी अधिक श्रावणही होता. तेव्हा अर्थ झाला, सटीसामाशी.

तिसरा, 'रेड टेप'. इंग्रजांच्या कचेऱ्यांत कागदांचे गठ्ठे लाल फितीनं बांधत. त्यावरून नियमांत आणि कागदांत अडकून पडलेल्या कामाला हे नाव पडलं. आपली 'लालफीत' तिथूनच आली.

चौथा मात्र नीट ऐका, 'फाइन प्रिंट'. इथं 'फाइन' म्हणजे छान नाही आणि दंडही नाही. फाइन म्हणजे बारीक. करारातला बारीक अक्षरांतला मजकूर, जो कुणी वाचत नाही आणि नेमक्या अडचणीच्या अटी तिथंच असतात. कर्जाच्या कागदावर व्याज किती, प्रोसेसिंग फी किती, विम्याचे पैसे कापणार का, हप्ता चुकला तर काय, हे सगळं तिथं पाहायचं.

आणि हे इंग्रजीत असेल तर? रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे मायक्रोफायनान्स कर्जाचा करार आणि कर्जाचं कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. असं कर्ज मुदतीआधी फेडलं तर त्याबद्दल दंडही घेता येत नाही. म्हणून 'मराठीत द्या' म्हणताना संकोच नको. तो आपला हक्क आहे.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या कर्जाचा कागद आणावा. शिकलेल्या मुलीला, सुनेला शेजारी बसवून बारीक अक्षरं मोठ्यानं वाचून घ्यावीत. समजल्याशिवाय सही नाही, अंगठाही नाही!