धूर कुणीकडे वळतो?

कुवेतच्या शुवैख बंदरात नोकरी करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय, ‘दीर्घिकांच्या कृष्णविवरातून निघणारे झोत वाकतात कसे? अंतराळात वारा कुठला?’

उत्तर त्यांच्या धक्क्यावरच आहे. उन्हाळ्यात वायव्येचा शमाल वारा सुटला, की नांगरलेल्या जहाजाचा धूर आग्नेयेकडे लोळतो. वारा पडला, की तोच धूर सरळ वर चढतो. पण त्याच वेळी कुवेतच्या खाडीतून बाहेर निघालेल्या जहाजाचा धूर मागे मागे राहतो. धूर दोन्हीकडे वाकडाच, कारणं मात्र दोन.

ययाति तारकासमूहाच्या दिशेला दीर्घिकांचा एक मोठा गुच्छ आहे. त्यातल्या एनजीसी 1265 या दीर्घिकेचे दोन्ही रेडिओ झोत, धावत्या मुलीच्या वेण्यांसारखे, मागे वळलेले दिसतात. 1972 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज मायली आणि सहकाऱ्यांनी त्याचा अर्थ लावला : दीर्घिका गुच्छातल्या वायूतून सुसाट चालली आहे. तिचा वेग सेकंदाला 2000 किलोमीटरहून जास्त. हा वायू कोट्यवधी अंश तापलेला आणि इतका विरळ, की लिटरभर जागेत जेमतेम एखादा कण. पण झोत त्याहूनही हलका, म्हणून वाकतो. हे झालं चालतं जहाज.

काही गुच्छांच्या मधोमध मात्र जवळपास स्थिर बसलेली थोरली दीर्घिका असते आणि तिचेही झोत पसरट ‘व्ही’सारखे वळलेले असतात. तिथे वायूच वाहतो. दोन गुच्छ एकमेकांवर आदळले, की हंड्यातलं पाणी डचमळावं तसा तो हेलकावतो. हा तिथला शमाल.

झोतांच्या या शेपट्या पाहायला नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण फार कामाची. झोतातले इलेक्ट्रॉन मूळ दीर्घिकेपासून लांब जाता जाता थकतात आणि मग फक्त कमी वारंवारितेलाच दिसतात. जीएमआरटी नेमकी तीच पकडते. तिचे शिल्पकार गोविंद स्वरूप यांनी तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या पत्र्याच्या न करता बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारांच्या जाळीच्या केल्या. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. लांब रेडिओलहरींना ती जाणवत नाहीत आणि वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त झाला. ही कल्पना कितीही वेळा सांगितली तरी माझं समाधान होत नाही.

बातम्यांत झोतांच्या रूपाचं सगळं श्रेय कृष्णविवराला मिळतं. ते मला पटत नाही, आणि त्याला पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ गोपालकृष्ण कारण आहेत. काही झोत उगमाजवळच विस्कटतात, काही शेवटपर्यंत ताठ जाऊन टोकाला झळाळतात; फॅनारॉफ आणि रायली यांनी 1974 मध्ये केलेले हे दोन प्रकार. हा फरक इंजिनातला, म्हणजे कृष्णविवरातला, की आजूबाजूच्या वायूतला? गोपालकृष्ण आणि पॉल वीटा यांनी 2000 साली अशा दीर्घिका पुढे आणल्या, ज्यांची एक बाजू पहिल्या प्रकारची, दुसरी दुसऱ्या. इंजिन एकच, म्हणजे फरक बाहेरचा. इतका साधा, इतका नेमका युक्तिवाद क्वचित वाचायला मिळतो, आणि तरी त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही.

पुढे बारकाईने पाहिल्यावर यातल्या काही दीर्घिका तिरक्या कोनातून पाहिल्यामुळे तशा भासतात, असंही निघालं. त्यामुळे रेडिओच्या चित्राशेजारी क्ष-किरणांतलं चित्र ठेवून पडताळा घ्यावा लागतो. त्यात तो तापलेला वायू स्वतःच उजळलेला दिसतो.