पटल गाळण

पटल गाळण ही पाण्यातील अनावश्यक घटक पातळ, सच्छिद्र किंवा अर्धपार्य पटलाच्या साहाय्याने वेगळे करण्याची प्रक्रिया आहे. पिण्याच्या पाण्याचे शुद्धीकरण, समुद्राच्या पाण्याचे निःक्षारीकरण आणि सांडपाण्याचा पुनर्वापर यांसाठी ती वापरतात. पाणी दाबाने पटलावर सोडले असता त्याचे शुद्ध पाणी व संहत पाणी असे दोन प्रवाह होतात. पटल क्षार नष्ट करीत नाही. ते केवळ वेगळे करते.

प्रकार

छिद्रांच्या आकारानुसार चार प्रकार मानले जातात. सूक्ष्मगाळणात (सुमारे ०.१ ते १० मायक्रोमीटर) गाळ व बहुतेक जीवाणू अडतात. अतिसूक्ष्मगाळणात विषाणू व मोठे रेणूही अडतात. नॅनोगाळणाने पाण्याचा कठीणपणा कमी होतो. व्यस्त परासरणात (आरओ) विरघळलेले क्षारही वेगळे होतात. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब सुमारे २७ बार असल्याने त्यासाठी साधारणपणे ५५ ते ७० बार दाब द्यावा लागतो.

इतिहास

१९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतीय वंशाचे एस. सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचे असममित पटल तयार केले. त्यामुळे व्यस्त परासरण व्यवहार्य झाले. पुढे पॉलिॲमाइडची पातळ थर असलेली पटले प्रचारात आली. भारतात भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्था आणि मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र यांनी या क्षेत्रात काम केले आहे.

प्रवरा खोऱ्यातील संदर्भ

अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेर हे प्रवरा नदीकाठचे शहर आहे. या खोऱ्यातील बागायती पट्ट्यात उसाला दिलेले जादा पाणी व रासायनिक खते यांमुळे विहिरींच्या पाण्यातील क्षारता व नायट्रेट वाढल्याचे भूजल अभ्यासांत आढळले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. अधिक प्रमाण तान्ह्या बालकांना विशेष घातक असते. नायट्रेट पाणी उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याची संहती वाढते. सूक्ष्मगाळण व अतिसूक्ष्मगाळणातूनही ते पार होते. त्यामुळे अशा गावांत आरओ उपयुक्त ठरते. मात्र घरगुती यंत्रांत शुद्ध पाण्यापेक्षा वाया जाणारे पाणी बहुधा अधिक असते. ते विहिरीजवळच सोडल्यास क्षार पुन्हा भूजलात मुरू शकतात.

सांडपाणी प्रक्रिया

पटल जैव-अभिक्रियकात जीवाणूंनी सेंद्रिय द्रव्याचे विघटन केल्यावर पटल त्यांना पाण्यापासून वेगळे करते; त्यामुळे निवळण टाकीची गरज राहत नाही. मळीपासून अल्कोहोल बनवणाऱ्या आसवनींत उरणारे द्रव संहत करण्यासाठी व्यस्त परासरण वापरतात. दुग्धव्यवसायात पनीर व चीजनंतर उरणाऱ्या निवळीतील प्रथिने वेगळी करण्यास अतिसूक्ष्मगाळण उपयोगी पडते.

मर्यादा

गाळ, क्षार व जीवाणूंचा थर बसल्याने पटल तुंबते. म्हणून पूर्वगाळण व वेळोवेळी रासायनिक स्वच्छता आवश्यक असते. ऊर्जेचा खर्च आणि संहत पाण्याची विल्हेवाट हे प्रमुख प्रश्न आहेत. म्हणूनच पाण्याची तपासणी न करता आरओ बसवणे योग्य ठरत नाही. एकूण विरघळलेले क्षार दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आणि इतर घटक मानकात असतील, तर बहुधा अतिसूक्ष्मगाळण व निर्जंतुकीकरण पुरेसे असते.