परम शावक

परम शावक हा पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) विकसित केलेला लहान आकाराचा महासंगणक आहे. 'शावक' या संस्कृत शब्दाचा अर्थ प्राण्याचे पिल्लू असा होतो. याच केंद्राने १९९१ साली परम मालिकेतील पहिला महासंगणक, 'परम ८०००', तयार केला. मोठ्या महासंगणकाला स्वतंत्र वातानुकूलित दालन आणि मोठा वीजपुरवठा लागतो. हा खर्च लहान महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेर असतो. परम शावक मात्र टेबलावर मावतो व त्याला वेगळे डेटा सेंटर लागत नाही. आवश्यक आज्ञावली त्यात आधीच बसवलेली असते. त्यामुळे एकच मोठे गणित अनेक भागांत विभागून ते भाग एकाच वेळी सोडवण्याचा, म्हणजेच समांतर संगणनाचा, सराव विद्यार्थ्यांना आपल्याच प्रयोगशाळेत करता येतो.