शेवटचा सेकंद आणि पंचाची नजर

बास्केटबॉलच्या सामन्यात शेवटचा सेकंद उरलेला असतो. खेळाडू उडी मारून चेंडू फेकतो, बझर वाजतो आणि चेंडू रिंगमधून खाली येतो. गुण द्यायचे की नाहीत? मोठ्या स्पर्धांमध्ये चित्रफीत पाहता येते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या शाळा-महाविद्यालयांच्या सामन्यांत मात्र सारी भिस्त पंचाच्या डोळ्यांवर असते.

नियम सोपा आहे. बझर वाजण्यापूर्वी चेंडू हातातून सुटलेला असेल, तर तो नंतर रिंगमध्ये गेला तरी गुण मिळतात. अडचण आहे ती माणसाच्या शरीराची. आपल्याला अगदी स्पष्ट दिसते ते नजरेच्या मधोमध, हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढ्या भागात. हातावरची नजर घड्याळाकडे वळवायला साधारण ०.२ सेकंद लागतो आणि नजर फिरत असताना मेंदू दृश्य जवळपास बंद ठेवतो. नेमक्या त्याच क्षणी चेंडू सुटला, तर तो दिसणारच नाही.

आवाजाचीही गंमत आहे. तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे २० मीटरवरचा बझर पंचाच्या कानावर जवळजवळ ०.०६ सेकंद उशिरा पडतो. फरक छोटा, पण निकाल फिरवायला पुरेसा. म्हणूनच मोठ्या मैदानांवर बोर्डाच्या कडेने लाल दिवा असतो. त्याचा प्रकाश डोळ्यांपर्यंत तत्काळ पोहोचतो.

त्यामुळे पंच कुठे उभा आहे, याला महत्त्व येते. दोन पंच असतील तर शेवटच्या फेकीचा निर्णय मागच्या पंचाकडे असतो. रिंगजवळचा पंच धक्काबुक्कीवर लक्ष ठेवतो. मागच्या पंचाने खेळाडूच्या पाठीमागे न राहता बाजूला सरकावे. हात आणि चेंडू यांच्यातली फट बाजूनेच दिसते. नजर हातावर स्थिर ठेवावी आणि लाल दिवा नजरेच्या कडेला येईल असा कोन साधावा. कडेच्या नजरेला बारकावे दिसत नाहीत, पण लुकलुक आणि हालचाल चटकन टिपता येते. दिवा नसेल तर कान बझरकडे ठेवावा. शंका असल्यास सहकारी पंच आणि वेळाधिकाऱ्याशी बोलून निर्णय द्यावा.

ही कडेची नजर काचबिंदूमध्ये हळूहळू कमी होते. वेदना नसते, समोरचे नीट दिसत राहते, म्हणून रुग्णाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. वेळेवर उपचार घेतले तर उरलेली टिकवता येते. चाळिशी ओलांडलेल्या पंचांनी, आणि रस्त्यावर वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाने, डोळ्यांचा दाब आणि मागचा पडदा तपासून घ्यावा. घरात कुणाला काचबिंदू असेल किंवा स्वतःला मधुमेह असेल, तर ही तपासणी टाळू नये.

आणि प्रेक्षकांनी एक लक्षात ठेवावे. दोन प्रामाणिक माणसांना तोच क्षण वेगळा दिसू शकतो. पंचाच्या अंगावर धावून जाण्याआधी एवढा विचार व्हायला हवा.